लेकीची सीएसची परीक्षा आणि घरातले चार तास

(रेडिओवर झालेलं भाषण, वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं वाढवून.)



बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणारे फोन ठरलेले असतात. नर्सिंगचा फॉर्म कधी निघणार, पोलीस भरतीला उंची किती लागते, एमपीएससीचा क्लास परभणीत लावावा की पुण्यात. सीएस कसं व्हायचं, असं विचारणारी आई विरळाच. आणि विचारलंच, तर पाठोपाठ येतं, "म्हणजे सीएच ना ताई?"

सीए वेगळं आणि सीएस वेगळं. सीए हिशेब तपासतात. सीएस म्हणजे कंपनी सेक्रेटरी. कंपनीच्या बैठका कायद्याप्रमाणे होतात का, ठराव नीट लिहिले जातात का, सरकारकडे कागद वेळेत जातात का, हे बघणारी ती व्यक्ती. या परीक्षेचा अभ्यास जिंतूर, पालम, सोनपेठसारख्या ठिकाणी राहून कसा करायचा, ते आज सांगतो. ऐकायचं मुलींनी, पण त्यांच्या आयांनी आणि गटातल्या मावश्यांनी जरा जास्त कान देऊन. कारण पुस्तकं मिळतात, मोबाईलवर शिकवण्याही मिळतात. घरात बसून सलग चार तास मिळणं, हेच कठीण असतं.

ओळखीचंच काम

कंपनी म्हटलं की मुंबईच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढं येतात. पण सीएसचं निम्मं काम तुमच्या गटात दर आठवड्याला होतं. बैठकीचा निरोप द्यायचा, किती जणी आल्या ते मोजायचं, विषय मांडायचा, ठराव करायचा, सूचक कोण, अनुमोदक कोण ते लिहायचं आणि प्रोसिडिंगवर सह्या घ्यायच्या. ग्रामसभेत हेच काम ग्रामसेवक करतात. कोरम नसला की ग्रामसभा तहकूब होते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. आपल्या राज्यात ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. कंपनीतही असेच नियम आहेत, फक्त आकडे वेगळे. खासगी कंपनीच्या सर्वसाधारण सभेला 2 सभासद हजर असले तरी पुरतात. सार्वजनिक कंपनीत सभासद 1000 पर्यंत असतील तर 5, 5000 पर्यंत 15 आणि त्याहून जास्त असतील तर 30. झालेल्या सभेचं इतिवृत्त 30 दिवसांच्या आत वहीत उतरवावंच लागतं. आपल्या गटातल्या काही वह्या तीन-तीन महिने कोऱ्या असतात, त्या बायांनी हे ऐकून ठेवावं.

आता तर कंपनी गावातही आली आहे. शेतकरी उत्पादक कंपनी हे नाव तुम्ही ऐकलंच आहे. सोयाबीन, हरभरा, तूर, हळद एकत्र विकायला काढलेल्या अशा कंपन्यांत आपल्यापैकी काही जणी सभासद आहेत, काही संचालकही आहेत. 2003 पासून कायद्यात ही सोय आहे आणि आता ती कंपनी कायदा 2013 मध्ये, कलम 378 च्या गटात बसवली आहे. अशा कंपनीत संचालक कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 15 लागतात, संचालक मंडळाची बैठक दर तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. आणि लागोपाठ तीन वर्षं सरासरी वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेली, की पूर्णवेळ सेक्रेटरी नेमणं बंधनकारक होतं. मोठ्या कंपन्यांचं तर विचारूच नका. शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी, तसंच ज्या कंपनीचं भरणा झालेलं भागभांडवल 10 कोटी किंवा जास्त आहे, तिला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवावाच लागतो. म्हणजे या शिक्षणाला मागणी कायद्यानंच लावून दिली आहे.

हे शिक्षण देणारी आणि परीक्षा घेणारी देशात एकच संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडिया. 1968 मध्ये ती सुरू झाली, 1980 मध्ये संसदेनं तिच्यासाठी कायदा केला. मुख्य कचेरी दिल्लीत, पश्चिम विभागाची मुंबईत आणि आपल्याला जवळची शाखा छत्रपती संभाजीनगरला. 2007 मध्ये प्रीती मल्होत्रा या संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. म्हणजे बायांनी यात जायचं की नाही, हा प्रश्न कधीच निकाली निघाला आहे.

वाट किती लांब

बारावी कोणत्याही शाखेची चालते. कला शाखेच्या मुलीला वाटतं की कॉमर्स नाही म्हणून आपल्याला दार बंद. तसं नाही. फक्त हिशेबाच्या पेपरला तिनं चार महिने आधीपासून बसावं. पहिली पायरी प्रवेश परीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह, त्यानंतर प्रोफेशनल. मध्ये 21 महिन्यांचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. प्रवेश परीक्षा पर्यायांतून उत्तर निवडण्याची असते आणि नियमित अभ्यास करणारी मुलगी ती काढते. खरी गाठ पुढच्या दोन पायऱ्यांशी आहे, म्हणून बोलणंही त्यांच्याबद्दलच.

एक्झिक्युटिव्हला दोन गट आहेत. पहिल्यात 4 पेपर: कायद्याची मूलतत्त्वं, कंपनी कायदा, व्यवसाय उभारणी व कामगार कायदे, आणि हिशेब व वित्त. दुसऱ्यात 3: भांडवल बाजार, आर्थिक-व्यापारी व बौद्धिक संपदेचे कायदे, आणि कर. प्रत्येक पेपर 100 गुणांचा. परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये.

आता पास होण्याचा हिशेब नीट ऐका, कारण इथं पुष्कळ मुली फसतात. प्रत्येक पेपरला कमीत कमी 40 आणि गटाची सरासरी 50 लागते. समजा एका मुलीला पहिल्या गटात 62, 41, 48 आणि 47 पडले. एकाही विषयात ती नापास नाही. पण बेरीज 198 होते आणि लागतात 200. दोन गुणांसाठी सगळा गट राहिला. घरी काय म्हणतात? "चारही विषयांत पास आहेस म्हणतीस आणि निकालात नापास कशी?" त्या मुलीला तेव्हा समजावून सांगणारं कुणी नसतं. म्हणून आयांनी हा हिशेब माहीत करून घ्यावा. याच निकालात एक चांगली गोष्टही आहे. ज्या पेपरला 60 किंवा जास्त पडले, त्याला पुढच्या वेळी सूट मिळते. म्हणजे आता तिला तीनच पेपर द्यायचे आहेत.

यावरून अभ्यासाची एक रीत निघते. सगळे विषय जेमतेम 40 पर्यंत न्यायचे नाहीत. ज्या एका विषयात मुलीची गती आहे तो 60 च्या वर ओढायचा. तो सरासरीही सावरतो आणि गट राहिलाच तर सूटही मिळवून देतो.

दोन्ही गट एकदम द्यावेत का, असं विचारतात. जिच्या घरी शेती आहे, घरकाम तिच्यावर आहे, तिनं एकेक गट द्यावा, असं आमचं मत आहे. क्लासवाले दोन्ही द्यायला सांगतात, शहरात वसतिगृहात राहणारीला ते जमतंही. आपल्याकडे सात पेपरांचं ओझं घेऊन मुलगी थकते आणि दोन्ही गट जातात. सहा महिने जास्त लागले तर काही बिघडत नाही.

भाषेचा अडसर

परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येते. मराठीत येत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ही सगळ्यांत मोठी भिंत वाटते. हिंदीत लिहावं का? लिहिता येतं, आणि हिंदीवर हात असेल तर जरूर लिहावं. पण कायद्याची हिंदी ही सिनेमाची हिंदी नव्हे, तिचे शब्द वेगळे पाठ करावे लागतात. पुढं कामात कागद बहुतेक इंग्रजीतच येतात. म्हणून आमचा कौल इंग्रजीकडे आहे.

पण इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलणं नव्हे. इथं लागतं ते लिहिण्याचं, साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी. कायद्यात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात. दोन-तीनशे शब्द पक्के झाले की पान वाचता येऊ लागतं. एक वही करायची. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि खाली आपल्या गटातलं उदाहरण. कोरमपुढं गणपूर्ती, मिनिट्सपुढं इतिवृत्त, रिझोल्यूशनपुढं ठराव. रोज दहा शब्द. सकाळी कायद्याची दोन पानं मोठ्यानं वाचायची. शेजारी हसतात, हसू द्या. जिभेला वळण पडल्याशिवाय हाताला पडत नाही.

समजून घेताना मात्र मराठीतच घ्यावं. मुलीनं आईला किंवा आजीला संध्याकाळी एक कलम मराठीत समजावून सांगायचं. सांगताना अडखळली तर समजावं, ते कलम अजून कळलेलं नाही. यासाठी आईला इंग्रजी यायची गरज नाही. "मग असं का गं?" एवढं विचारता आलं तरी पुरे.

गोष्ट सांगून एक निकाल

या अभ्यासात कोर्टाचे निकाल लक्षात ठेवावे लागतात. ते गोष्टीसारखे ठेवावेत. पहिलाच निकाल घ्या, सालोमन या इंग्लंडमधल्या माणसाचा, 1897 चा. हा बुटांचा कारखानदार. त्यानं आपला धंदा एका कंपनीला विकला. कंपनीत सभासद कोण? तो स्वतः, बायको, मुलगी आणि चार मुलगे. घरच्यांकडे एकेक शेअर, बाकी सगळे याच्याकडे. पुढं कंपनी बुडाली. देणेकरी म्हणाले, कंपनी म्हणजे हाच, याच्याकडून वसूल करा. वरच्या कोर्टानं सांगितलं, नाही. कंपनी एकदा कायद्यानं जन्माला आली की ती वेगळी व्यक्ती, आणि तिचा मालक वेगळा.

आता हे आपल्याकडे लावून बघा. गटाच्या खात्यातले पैसे अध्यक्षबाईंचे नाहीत आणि अध्यक्षबाईंचं कर्ज गटाचं नाही. तत्त्व जवळपास तेच. असा एक निकाल घरातल्या उदाहरणाला बांधला की तो विसरत नाही. मुलीनं प्रत्येक निकालासाठी पोस्टकार्डाएवढा कागद करावा. त्यावर नाव, वर्ष, भांडण काय होतं आणि कोर्ट काय म्हणालं, एवढंच. जास्त लिहिलं की पुन्हा वाचलं जात नाही.

उत्तर कसं लिहायचं

सगळं पाठ असून नापास होणाऱ्या मुली असतात. कारण पेपर तपासणारा गोष्ट वाचत नाही, तो कलम शोधतो. एक प्रश्न घेऊन बघू. आपल्या ओळखीचाच आहे.

एका उत्पादक कंपनीचे 400 सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेला 90 जण आले. सभा घेऊन ठराव मंजूर केले. कंपनीच्या नियमावलीत हजेरीबद्दल वेगळी अट नाही. ठराव चालतील का?

कच्चं उत्तर असं असतं: "सभेला फार कमी लोक आले होते. सभेला पुरेसे लोक असणं महत्त्वाचं असतं. नाहीतर सभासदांवर अन्याय होतो. म्हणून ठराव चालणार नाहीत." निष्कर्ष बरोबर आहे. पण गुण फारसे पडत नाहीत, कारण कायदा कुठंच दिसत नाही.

पक्कं उत्तर तीन पायऱ्यांत येतं. पहिली पायरी, कायदा काय म्हणतो: कंपनी कायदा 2013 च्या कलम 378 वाय प्रमाणे, नियमावलीत मोठा आकडा दिला नसेल तर उत्पादक कंपनीच्या सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश गणपूर्ती लागते. दुसरी पायरी, इथं काय घडलं: सभासद 400, एक चतुर्थांश म्हणजे 100, हजर 90, नियमावलीत वेगळी अट नाही. तिसरी, म्हणून काय: गणपूर्ती झाली नाही, त्यामुळे त्या सभेतले ठराव वैध नाहीत.

तीन छोटे परिच्छेद. पानभर लिहायची गरज नाही. कलमाचा आकडा आठवत नसेल तर तो ठोकून देऊ नये. "कंपनी कायद्यातल्या उत्पादक कंपनीच्या तरतुदीप्रमाणे" एवढं लिहून पुढं जावं. चुकीचा आकडा लिहिला की तपासणाऱ्याचं मन पुढच्या पानापासूनच वाईट होतं. त्याच्या जागी आपण असतो तर आपलंही झालं असतं.

आता वेळ बघा. पेपर लिहायला तीन तास, म्हणजे 180 मिनिटं, गुण 100. पाच गुणांच्या प्रश्नाला नऊ मिनिटं येतात. सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचायला 15 मिनिटं वेगळी मिळतात, ती इकडंतिकडं बघण्यात घालवायची नाहीत. कोणता प्रश्न आधी, कोणता सोडायचा, हे त्यातच ठरतं. घरी सराव करताना घड्याळ समोर ठेवून, एका बैठकीत, पूर्ण पेपर लिहावा. परीक्षेआधी प्रत्येक विषयाचे असे तीन तरी पेपर झाले पाहिजेत. तीन तास सलग लिहायची सवय बारावीनंतर मोडलेली असते, बोटं दुखतात. जुन्या प्रश्नपत्रिका आणि संस्थेची नमुना उत्तरं संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कायद्यांचा मूळ मजकूरही सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर फुकट आहे. महागड्या गाईडांच्या आधी हे उघडावं.

आणखी एक. कायदे बदलत राहतात. जूनच्या परीक्षेला आदल्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरपर्यंतचे बदल विचारतात आणि डिसेंबरच्या परीक्षेला त्याच वर्षीच्या 31 मेपर्यंतचे. म्हणून नात्यातल्या कुणाची तीन वर्षांपूर्वीची जुनी पुस्तकं फुकट मिळाली म्हणून तीच वापरू नयेत. ती सरावाला चालतील, कायद्याला नाही.

हंगाम आणि घरातले तास

आता ज्याच्यासाठी हे भाषण आहे तिथं येतो. आपल्या जिल्ह्यात परीक्षा आणि शेती एकमेकींना आडव्या येतात. डिसेंबरची परीक्षा महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात असते. त्याआधीचे दोन-अडीच महिने सोयाबीनची काढणी, मळणी, दिवाळी आणि मग कापसाची वेचणी. वेचणीला बाया मिळत नाहीत, मजुरी वाढलेली, तेव्हा घरातली मुलगी रानात जाणार हे ठरलेलं. जूनची परीक्षा पहिल्या पंधरवड्यात. त्याआधी एप्रिल-मेचं ऊन, लग्नसराई, पाण्याची ओढाताण आणि जाणारी वीज.

दोन्हींत बरी कोणती? पहिल्या गटासाठी आम्ही जून म्हणू. जानेवारीपासून मार्चपर्यंत कापूस आवरत आलेला असतो. ज्वारी-हरभऱ्याच्या काढणीचे दिवस सोडले तर हाताशी वेळ सापडतो. उन्हाचं काय ते पहाटे उठून भागवता येतं. पहाटे साडेचार ते साडेसात कायद्याचे विषय, कारण तेव्हा डोकं थंड असतं. हिशेबाची गणितं संध्याकाळी एक तास. दुपारी पत्रे तापलेले असताना जड वाचायचा हट्ट करू नये. शब्दांची वही चाळावी किंवा झोप घ्यावी. हे झाले चार तास. रोजचे चार तास सहा महिने मिळाले, तर एका गटाचा अभ्यास होतो. परीक्षेआधीच्या शेवटच्या महिन्यात मात्र चाराचे आठ करावे लागतात.

हे चार तास येणार कुठून? स्वयंपाक, धुणी-भांडी, पाणी, जनावरं, आजारी माणसाचं बघणं, ही कामं नाहीशी होत नाहीत, ती दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातात. बऱ्याच घरांत ती आईच्या वाट्याला जातात आणि आईचं कंबरडं मोडतं. मग आईच एक दिवस म्हणते, बास झालं शिक्षण. त्यात तिची चूक आहे असं आम्हाला वाटत नाही. म्हणून काम कुणी काय करायचं, हे घरातल्या पुरुषांना समोर बसवून ठरवावं. भाऊ बारावीला असताना त्याला कुणी पाण्याला पाठवलं नव्हतं, हे आठवण करून द्यायला हरकत नाही. पहाटेचं पाणी वडिलांनी भरलं तर आभाळ कोसळत नाही. आणि शेवटच्या महिन्यात घरात लग्न धरू नका. तारीख पंधरा दिवस पुढं ढकलता येते, परीक्षा ढकलता येत नाही.

लग्न झालेल्या सुनाही ही परीक्षा देऊ शकतात. वयाची आडकाठी नाही. पदवीला 50 टक्के किंवा जास्त असतील तर प्रवेश परीक्षेतून सूट मिळत आलेली आहे, म्हणजे थेट एक्झिक्युटिव्हला नोंदणी. ज्यांच्या सुना बी.कॉम. होऊन घरात आल्या आहेत, त्यांनी हे घरी बोलून बघावं.

गट काय करू शकतो? खोली देऊ शकतो. ग्रामसंघाला बैठकीसाठी खोली मिळालेली असेल, तर पहाटे किंवा दुपारी ती अभ्यासासाठी उघडून द्या. दोन मुली असल्या की एकमेकींना प्रश्न विचारतात. फीसाठी गटातून कर्ज द्या, ठराव करून, हप्ता लिहून, आणि जमलं तर शिक्षणासाठी व्याज थोडं कमी लावा. तो निर्णय तुमच्या हातात आहे. फी एकदम द्यावी लागत नाही, टप्प्याटप्प्यानं लागते, हे आधी समजून घ्या. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना सवलती असतात. आर्थिकदृष्ट्या कमकुवत पण हुशार मुलांसाठी संस्थेचा विद्यार्थी शिक्षण निधीही आहे. अर्ज करतानाच जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला हाताशी असावा. तहसीलला दाखल्यासाठी किती फेऱ्या होतात ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून तो आधीच काढून ठेवा. पैसे भरायचे ते फक्त संस्थेच्या संकेतस्थळावरून. "आम्ही पास करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

मुलीला गटाच्या बैठकीला बसवा आणि प्रोसिडिंग लिहायला द्या. नोटीस, अजेंडा, ठराव लिहायचा तिला सराव होईल. पण तिला फुकटची लेखनिक करू नका. महिन्यातून एखादी बैठक पुरे, बाकी वेळ अभ्यासाचा.

घरं अडतात ती प्रशिक्षणापाशी

एक्झिक्युटिव्ह पास झाल्यावर 21 महिन्यांचं प्रशिक्षण कंपनीत किंवा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कंपनी सेक्रेटरीच्या कचेरीत करावं लागतं. परभणीत अशी जागा मिळणं अवघड आहे, बहुतेकींना संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. म्हणजे राहणं, खाणं, भाडं आणि घरच्यांची काळजी. दोन वर्षं आनंदानं फी भरणारे वडील इथं येऊन थांबतात. हा विषय निकालाच्या दिवशी काढू नका, नोंदणीच्या दिवशीच काढा. कुठल्या नातेवाइकाकडं राहता येईल, मुलींच्या वसतिगृहाचा खर्च किती येईल, हे आधी विचारून ठेवा. प्रशिक्षणात मानधन मिळतं, ते आधी किती ते कचेरीला विचारून घ्यावं. त्यावर शहरातला सगळा खर्च भागेल असं धरून चालू नये.

प्रोफेशनलच्या परीक्षेबद्दल थोडक्यात. तिथंही दोन गट, सात पेपर आणि पासाचा तोच 40 आणि 50 चा हिशेब. आवडीनं निवडायचे पेपर पुस्तक उघडं ठेवून लिहायचे असतात. त्याला सोपं समजू नये. कुठलं कलम कुठल्या पानावर आहे हे माहीत नसेल तर तीन तास पानं उलटण्यात जातात. मसुदा लिहिण्याचा, म्हणजे करार, अर्ज, नोटिसा तयार करण्याचा पेपर मात्र रोज एक मसुदा हातानं लिहूनच सुटतो.

परीक्षेचं केंद्र अर्ज भरताना निवडायचं असतं. संभाजीनगर निवडलं तर परभणी, मानवत रोड किंवा सेलूहून जालन्याकडची गाडी आहे. पण पेपरच्या दिवशी पहाटेच्या गाडीवर भरवसा ठेवू नका. आदल्या दिवशी मुक्कामाला जा, सोबत घरचं एक माणूस असू द्या. पेपर वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणून मुक्काम चार-सहा दिवसांचा धरा. ओळखपत्र, प्रवेशपत्राच्या दोन प्रती, तीन पेनं आणि साधं कॅल्क्युलेटर एका पिशवीत आदल्या रात्री भरून ठेवा. डब्यात पोळी-भाजी द्या, बाहेरचं तळलेलं नको. आणि पेपर देऊन आल्यावर "किती पडतील गं?" असं विचारू नका, पुढचा पेपर अजून व्हायचा असतो.